बेदखल

पलंगाशेजारच्या टेबलावर कानात घालायचे बोळे ठेवलेले होते. पिवळे, स्पंजाचे, पारदर्शक पाकिटात घालून. मी बऱ्याच हॉटेलांतून राहिले आहे. साबणाच्या चपट्या वड्या, अंगठ्याएवढ्या शांपूच्या बाटल्या, सुईदोऱ्याचं पाकीट, सगळं पाहिलंय आणि त्यातलं बरंचसं घरीही आणलंय. पण पाहुण्याला ऐकू येऊ नये म्हणून केलेली सोय पहिल्यांदाच पाहत होते.

“हे कशाला गं?” मी लेकीला विचारलं.

“रात्री कळेल, आई,” ती बॅग उपसत म्हणाली.

रात्री कळलं. अंधार पडला आणि खिडकीखाली तान्हं मूल रडायला लागलं. आधी नुसती कुरकुर, मग सूर चढत गेला, मग श्वास आत ओढून पुन्हा पहिल्यापासून. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं आणि मग झाडीतून एकदम दहा-वीस. बाळंतिणींच्या वॉर्डात मध्यरात्री वीज जावी तसा कल्लोळ. माझं आजोळ दापोलीकडचं. आजी टिटवी ओरडली तरी उठून देवापाशी दिवा लावायची. ती इथे असती तर पहाटेपर्यंत रामरक्षा म्हणत बसली असती. मी पडदा बोटभर सरकवला. दोन पक्षी दाराच्या पायरीपाशी, माझ्यापासून तीन हातांवर, समोरासमोर बसले होते. काळपट तपकिरी, कबुतरापेक्षा जरासे मोठे. गळा फुगवून एकजण रडायचा, दुसरा ऐकून घ्यायचा, मग दुसऱ्याची पाळी. रडणं कसलं, संसार चालला होता.

हे शिअरवॉटर. इथली माणसं त्यांना मटनबर्ड म्हणतात, कारण पूर्वी लोक त्यांना खायचे. दिवसभर ते समुद्रावर असतात आणि अंधार पडला की बेटावर येतात. जमिनीत हातभर खोल बिळं करून संसार मांडतात. उडण्यात इतके पटाईत, पण उतरण्यात अगदीच कच्चे. फांद्यांवर आपटत येतात, धप्पकन वाळूत पडतात, दोन पावलं हेलपाटतात आणि कुणी पाहिलंच नाही अशा थाटात बिळाकडे चालायला लागतात. जेवून परत येताना त्यातला एक माझ्या चपलेवरून चालत गेला. चपलेत माझा पाय होता.

ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटावर आम्ही चौघं गेलो होतो ते गेल्या जानेवारीत, जावयाला सुट्टी होती म्हणून. ब्रिस्बेनपासून उत्तरेला ५०० किलोमीटरहून जास्त मोटारीचा प्रवास, मग ग्लॅडस्टनच्या धक्क्यावरून दोन-सव्वादोन तास बोट. बोटीतल्या दोन तासांबद्दल मी लिहिणार नाही. आमच्या ह्यांना विचारा, ते सांगतील आणि त्यात माझी बाजू नसेल.

बेट म्हणजे किती, तर ८०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद. अर्ध्या-पाऊण तासात प्रदक्षिणा पुरी होते. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाकडचं हे बेट प्रवाळांवरच उभं आहे, आणि पायाखाली जी वाळू वाटते तो प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा हजारो वर्षांचा चुरा आहे. चालताना ती करकरते, रांगोळीसारखी. १८४३मध्ये ‘फ्लाय’ नावाचं इंग्रजी आरमारी जहाज या समुद्राची मोजणी करत आलं, त्यातल्या लोकांना इथे बगळे दिसले, म्हणून हेरॉन. हे बगळे काही पांढरे असतात, काही पाटीसारखे राखाडी, आणि दोन्ही एकच जातीचे. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांत असतो त्या समुद्रबगळ्याचंही असंच आहे. एका घरात एक गोरा, एक सावळा.

किनाऱ्यावर सुरूची झाडं पाहिली आणि मला हसू आलं. सुरूचं बन म्हणजे माझ्या लेखी कोकण. लहानपणी त्या बारीक फळांची बोंडं पायाला टोचायची, सुयांसारख्या पानांतून वारा घुमायचा. ही झाडं मूळची आपली नव्हेत, वाळू धरून ठेवायला मुद्दाम लावलेली, हे बरंच उशिरा कळलं होतं. इथे मात्र ती आपल्या घरी होती. शेजारी केवड्याच्या गोतातलं एक झाड, पाय फाकवून उभं असल्यासारखं. सासरी कायम पदर सांभाळून वावरणारी बाई तिच्या माहेरी भेटावी तसं झालं. कुणी लावलेली नाहीत, ओळीत नाहीत, वाटेल तिथे वाकडी वाढलेली.

मकरवृत्त जवळजवळ या बेटावरूनच जातं. दुपारी बाराला सावली पायाखाली गुंडाळली जाते, चालताना आपण आपल्यालाच तुडवतो आहोत असं वाटतं. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. लेकीने ब्रिस्बेनहून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. चहाबरोबर एक कागदी रुमालावर ठेवली आणि कप उचलला, तेवढ्यात टेबलाखालून एक पक्षी वर आला. पाणकोंबडीच्या कुळातला, उंच पायांचा, छातीवर तांबूस पट्टा असलेला. बफ-बँडेड रेल असं त्याचं नाव. त्याने वडी उचलली आणि खुर्च्यांच्या पायांमधून पळाला. इथे प्राणी-पक्ष्यांना खाऊ घालायला सक्त मनाई आहे. मी काही घातलं नव्हतं, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे तशा नजरेने पाहिलं खरं. तिळगूळ घेतला, गोड काही बोलला नाही, एवढंच मी ह्यांना म्हणाले.

बेटाच्या जाहिरातीत ‘वन्यजीवांशी भेट’ असं लिहिलं होतं. भेट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दोन बाजू येतात. तुम्ही आलात, आम्ही उठलो, या बसा, पाणी घ्या. निदान मान वळवून पाहणं तरी. आमच्या घराण्यात एका लग्नात एका मावशींना पहिल्या पंक्तीला कुणी बोलावलं नाही म्हणून त्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या. आपल्याकडे माणसाची दखल घेणं म्हणजे निम्मं आदरातिथ्य. आणि ब्रिस्बेनला लेकीच्या घरी गेल्यापासून माझी दखल इतकी घेतली जात होती की विचारू नका. पाणी प्यायलीस का, औषध घेतलंस का, जिना उतरताना धरलंस का. प्रेमाचंच सगळं. पण तीन महिने अहोरात्र कुणी तरी आपल्याकडे पाहतंय, याचाही शीण येतो. तो आपल्याच पोटच्या पोरीला सांगता येत नाही.

या बेटावर एकाही जिवाने माझी दखल घेतली नाही. झाडांवर नॉडी नावाचे काळे पक्षी, डोक्यावर राखाडी-पांढरी टोपी घातल्यासारखे. उन्हाळ्यात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. पिसोनियाच्या मऊ, पोपटी पानांच्या झाडांत त्यांची घरटी. गळालेली पानं आणि स्वतःची विष्ठा, एवढ्या दोनच जिनसा वापरून लिंपलेली. डोळ्यांच्या उंचीवर, वाटेला लागून. मी एका घरट्यासमोर पाच मिनिटं उभी राहिले. पक्षीण माझ्याकडे नव्हे, माझ्यातून पलीकडे पाहत होती. मग तिने शेपटी उचलली आणि माझ्या टोपीवर आपली सही केली.

याच पिसोनियाची फळं चिकट असतात. घरट्यासाठी फिरणाऱ्या नॉडीच्या पंखांना ती लागतात. एखाद-दुसरं लागलं तर पक्षी उडतो आणि बी दुसऱ्या बेटावर जातं. खूप लागली तर उडता येत नाही. वाटेच्या कडेला मला एक असा दिसला. पंख अंगाला डिंकाने चिकटवल्यासारखे, चोच उघडी, डोळे अगदी टवटवीत. मी बसले, हात पुढे केला. मागून येणाऱ्या वाटाड्या मुलीने शांतपणे मान हलवली. हात लावायचा नाही. झाडाच्या मुळाशी तो पडेल, मातीत जाईल, या चुऱ्याच्या बेटावर झाडांना तेवढंच खत. तिने हे मायेनेच सांगितलं. मला पटलं आणि पटलं नाही. दुपारी त्या वाटेने मी परत गेले नाही, लांबून वळसा घेतला.

ओहोटीला रीफचं पठार उघडं पडतं, घोट्याएवढ्या पाण्यात काठी टेकत चालता येतं. पाय फक्त वाळूवर ठेवायचा, प्रवाळावर नाही. वाटाड्याने तळाला काच बसवलेली एक नळी दिली होती. ती पाण्यात धरली की खालचं जग एकदम स्थिर होतं. समुद्रकाकड्या, निळ्या-जांभळ्या ओठांचा महाशिंपला, मग एका खळग्यात हातभर लांबीचा शार्क. खांद्यावर पदकासारखा काळा ठिपका. हा पोहत नव्हता, चालत होता. पर जमिनीला टेकवून, पालीसारखा सरपटत, एका खडकाखालून दुसऱ्याखाली. ओहोटीत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो तेव्हा बाकीचे मासे तडफडतात, हा तासन्‌तास तग धरतो. माझ्या दोन पायांच्या मधून तो गेला, जणू मी तिथला आणखी एक खडक. काही प्रवाळांवर शेवाळाचा थर चढलेला होता. २०२४च्या उन्हाळ्यात पाणी तापलं तेव्हा ते आधी पांढरे पडले होते, असं वाटाड्याने सांगितलं आणि तो पुढे चालू लागला.

आता कासवांकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच आलो होतो.

हिरवी कासवं इथे नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. ती भरतीलाच येतात, कारण ओहोटीला हे पठार ओलांडून यायचं म्हणजे शंभराहून जास्त किलोंचं अंग खडकांवरून ओढत न्यायचं. पहिल्या रात्री भरती नऊच्या सुमाराला होती. आम्ही सुरूच्या झाडाला पाठ लावून अंधारात बसलो. टॉर्च नाही, बोलणं नाही, हलणं नाही. पाऊण तासाने पाण्याच्या कडेला एक खडक होता तो नव्हता असं वाटलं, मग तो चार हात पुढे आला होता. ती वर येत होती. दोन्ही वल्ही एकदम टाकायची, अंग वीतभर पुढे, मग थांबायची आणि मोठा उसासा सोडायची. तो उसासा इतका माणसासारखा होता की मी नकळत हुंकार दिला. माझ्या आजीच्या गावातल्या देवळात, देवासमोर दगडी कासव आहे. आत शिरण्याआधी सगळे त्याला हात लावतात, त्याने पाठ गुळगुळीत झाली आहे. तेच उठून येत होतं.

आणि माझ्या मांडीवर उजेड पडला. फोन. नऊचा गजर, बीपीच्या गोळीचा. लेकीनेच लावून दिला होता, मी विसरते म्हणून. घरघर आणि पांढरा झगझगीत उजेड. मी तो बंद करायला जितकी बोटं मारली तितका तो आणखी उजळला. शेवटी त्यावर बसले. वर पाहिलं तेव्हा ती थांबली होती. मान किंचित उचललेली. मग तिने हळूहळू, काहीही घाई न करता, सगळं अंग वळवलं आणि आल्या वाटेने पाण्यात गेली. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग राहिला. वर येणारा, अर्धगोल वळलेला, परत जाणारा.

कुणी मला एक शब्द बोललं नाही. वाटाड्या मुलगी म्हणाली, असं होतं, ती आज उशिरा येईल नाहीतर उद्या. लेकीने अंधारात माझा हात धरला, आणि तो मला नको होता. अख्ख्या बेटावर त्या एका जिवाने माझी दखल घेतली होती, ती अशी.

झोप लागली नाही. बोळे घातले नाहीत. शिअरवॉटर रडत होते ते ऐकत पडले.

याच बेटावर १९२५च्या सुमाराला कासवांच्या सुपाचा कारखाना होता. अंडी घालायला वर आलेल्या मादीला उलथी करायचं, बस. पाठीवर पडलेल्या कासवाला आपलं आपण सरळ होता येत नाही. मग डबे भरायचे. काही वर्षांतच धंदा बसला. १९३२मध्ये त्याच जागी पाहुण्यांसाठी राहायची सोय झाली, १९४३मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान. म्हणजे आम्ही जिथे सकाळी टोस्ट खात होतो तिथेच कुठे तरी. साठच्या दशकात रॉबर्ट बस्टर्ड नावाच्या संशोधकाने इथल्या माद्यांच्या वल्ह्यांना धातूचे बिल्ले लावून त्यांचा हिशेब ठेवायला घेतला. हा माणूस पुढे भारतात आला, मगरींसाठी, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेतर्फे. आणि ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर लाखोंनी येणारी ऑलिव्ह रिडले कासवं ज्यांनी जगापुढे आणली त्यांत तो होता. मी हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. या वाळूवर रात्री जागलेला एक माणूस आपल्याकडेही जागला होता, एवढंच.

दुसऱ्या रात्री फोन खोलीत ठेवला आणि गोळी साडेआठलाच घेतली. ती आली. कालचीच की दुसरी, देव जाणे. झाडीच्या कडेशी येऊन तिने पुढच्या वल्ह्यांनी वाळू मागे फेकायला सुरुवात केली, अंग बसेल एवढा खड्डा. आम्ही नियमाप्रमाणे मागे बसलो होतो, त्यामुळे सगळी वाळू आमच्या तोंडावर. दातांत, पापण्यांत, कानात. कुणी हललं नाही. मग मागच्या वल्ह्यांनी अंड्यांसाठी खोल खळगा. ते मी मागे बसूनच पाहिलं, मंद लाल उजेडात. ते वल्हं तळहातासारखं वळतं. आत जातं, चिमूटभर नव्हे, पसाभर वाळू उचलतं, एक कणही न सांडता वर आणतं आणि बाजूला अलगद ठेवतं. मग दुसरं. डब्यातून पीठ काढताना सांडू नये म्हणून माझी आई मनगट जसं वळवायची, हुबेहूब तसं. तिला हे दिसत नाही, मागे काय चाललंय ते तिने कधीच पाहिलेलं नाही. तरी खळगा सुरईसारखा, तोंड अरुंद आणि खाली फुगीर. अंडी घालू लागली की ती सहसा उठत नाही, म्हणून मग मागून जवळ जाऊ देतात. खळग्यात लिंबाएवढी, ओली, मऊ कवचाची अंडी, दोन-दोन, तीन-तीन. शंभराच्या आसपास. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मीठ बाहेर टाकायचं पाणी, हे मला ठाऊक होतं. तरी मी पदराचं टोक शोधत होते, आणि अंगात तर कुडता होता.

दोन तास मी तिथे होते. तिच्यासाठी मी नव्हतेच.

निघायच्या सकाळी उजाडता उजाडता कासवाचं एक पिल्लू दिसलं. रात्री खळग्यातून सगळी गेली असतील, हे मागे राहिलेलं. काळंभोर, पेढ्याएवढं अंग आणि त्याला चार वल्ही. ते पाण्याकडे निघालं होतं आणि वर सीगल घिरट्या घालत होता. आम्ही सहा-सात माणसं उभी. नियम तोच, हात लावायचा नाही, आडवं जायचं नाही. हजारात एखादंच मोठं होतं, आणि ते होऊन परत या वाळूवर यायला तीस-एक वर्षं लागतात. सीगल खाली आला. मी मान फिरवली, पुन्हा वळले तेव्हा वाळू रिकामी होती. पाण्यात गेलं की वर गेलं, ते मी कुणाला विचारलं नाही.

मला आमचं वेळास आठवलं. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. तिथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडलेची अंडी उचलून कुंपणात, आपल्या हाताने केलेल्या खळग्यांत ठेवायला सुरुवात केली. हात लावायचा नाही म्हणून बसले असते तर कोल्ह्या-कुत्र्यांनी आणि माणसांनी काहीच ठेवलं नसतं. तिथे सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतात, खाली पिल्लं वळवळत असतात, मग ती दोरीच्या पलीकडे वाळूवर सोडतात आणि शेकडो माणसं श्वास रोखून पाहतात. एक माणूस पक्ष्यांना हाकलायला उभा असतो. हेरॉनवरच्या वाटाड्या मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, तिकडे तसंच करायला हवं. मला वाटलं होतं वाद घालेल.

वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. राहायची सोय गावातल्या घरांतच होते. टॉर्च नेऊ नका, फोन घरमालकिणीकडे ठेवा. आणि न्यायचाच असेल तर निदान गोळीचा गजर तेवढा बंद करा.